टपावरच्या एसीची गळती: मृगाआधीचं काम कुठवर आलं

राहण्याचा ट्रेलर (कॅरव्हॅन) १६ फुटी, टपावर १३,५०० बीटीयू गारव्याच्या क्षमतेचा एसी, छताला नेहमीचं १४ बाय १४ इंचांचं भोक. तक्रार अशी की आतल्या जाळीच्या मागच्या कोपऱ्यातून पाणी टपकतं. एप्रिल-मेमध्ये एक थेंब नाही, पावसाळ्यात मात्र खालची गादी भिजते. मृग लागायच्या आत हे निस्तरायचं म्हणून मेमध्येच टप उघडला.

खानदेशात ट्रेलर ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की धरावी: उन्हाळ्यात गळत नाही म्हणजे एसी चांगला, असं होत नाही. भुसावळला दुपारी ४३ अंश आणि हवेत दमटपणा १५ टक्के असेल, तर त्या हवेतली वाफ साधारण ११ अंशांना पाणी धरते. एसीतली हवा गार करणारी नळ्यांची कूलिंग कॉइल त्याच्याच आसपास थंड असते, म्हणून ती जवळजवळ कोरडीच चालते. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के झाले की हाच आकडा २६ वर जातो. मग त्याच कॉइलवरून तासाला लिटर-दीड लिटर पाणी उतरू शकतं. ड्रेन (कॉइलचं पाणी बाहेर सोडणारी वाट) वैशाखातच तुंबलेला असतो, फक्त तो दाखवून द्यायला पाणी नसतं. रावेर-यावलकडे पाणी भरलेल्या केळीबागेशेजारी मुक्काम असला तर रात्री थोडं आधी कळतं, इतकंच.

म्हणून पहिलं काम पाणी कुठलं ते ठरवण्याचं. पावसाचं, कॉइलचं, की छताच्या दुसऱ्याच फटीतून आलेलं? हा तिसरा प्रकार फार फसवा आहे. टपावरच्या पुढच्या व्हेंटिलेटरच्या (हवेच्या झडपेच्या) कडेतून शिरलेलं पाणी छताच्या दोन थरांमधून वाहत येतं आणि एसीचं भोक हीच पहिली मोकळी जागा असल्यामुळे तिथे बाहेर पडतं. मग एसी उतरवून नवं गास्केट (एसी आणि टप यांच्यामधली फोमची पट्टी) बसवलं तरी गळती तशीच राहते.

पावसाची चाचणी एसी बंद आणि बाहेरचा वीजप्लग काढून घ्यावी. आतली जाळी आणि हवेचा डबा उतरवून एकाने टॉर्च घेऊन भोकाच्या कडा बघत बसायचं, दुसऱ्याने शिडीवरून साध्या पाइपाची धार सोडायची. उताराच्या खालच्या बाजूने सुरुवात, एका जागी १० मिनिटं, मगच वर सरकायचं. आधी गास्केटच्या भोवती, मग वायर जिथून आत जाते ती जागा, शेवटी व्हेंटिलेटर. एकदम सगळं टप भिजवलं तर काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर तर नकोच. पावसाचं पाणी कधी जाणार नाही अशा फटीतूनही तो पाणी आत ढकलतो. आमच्या टपावर व्हेंटिलेटर आणि वायरची जागा कोरडी राहिली. गास्केटच्या मागच्या कडेला ओल आली, पण थेंब पडला नाही. म्हणजे गास्केट थकलंय, पण गादी भिजवणारं पाणी हे नव्हे.

कॉइलच्या पाण्याची चाचणी वरून. प्लास्टिकचं झाकण चार स्क्रूंवर असतं. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक कडक होतं, तेव्हा एक बाजू धरून ओढू नका. आत गेल्यावर कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नये, वीज काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. एक लिटर पाण्यात चार थेंब नीळ टाकून ते कॉइलखालच्या ट्रेमध्ये सावकाश, दोन-तीन मिनिटांत ओतायचं. भोकाखाली परात ठेवायची. ट्रे नीट असेल तर पाणी ड्रेनच्या भोकांतून टपावर उतरतं आणि वाहून जातं. बहुतेक टपावरच्या एसींना वेगळा ड्रेन पाइप नसतोच, टपावर पाणी सांडणं हीच त्यांची रीत आहे. कडेने धार लागली म्हणून घाबरायचं कारण नाही. इथे मात्र निळं पाणी ट्रेमध्ये साचलं, मधल्या भोकाभोवतीच्या उभ्या काठावरून चढलं आणि थेट परातीत आलं.

कारण हाताला लागलं ते असं: ड्रेनच्या एका भोकात कुंभारमाशीचं मातीचं घर, दुसऱ्यात धूळ आणि कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा दाबून बसलेला थर. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की आपल्याकडे हे तंतू हवेत असतातच आणि पंखा ते खेचून घेतो. सफाईला तार वापरू नये, ट्रेला चीर जाते. केबल टायचं टोक तिरकं कापून घातलं की गाळ निघतो, मग पाण्याने धुवायचं. भोक ड्रिलने मोठं करायचा मोह टाळा. शेजारून तांब्याची नळी गेलेली असते आणि खाली टप आहे. भोकं मोकळी झाल्यावर पुन्हा एक लिटर ओतलं, सगळं बाहेर उतरलं. ट्रेच्या सांध्यालाही बोट फिरवून बघा. सांधा तडकला असेल तर भोकं कितीही साफ केली तरी पाणी आतच येणार.

तांब्याच्या जाड नळीवरचं इन्सुलेशन भुगा झालं होतं. ही नळी गार असते, दमट हवेत तिलाही घाम येतो आणि तो ट्रेच्या बाहेर पडतो. ९ मिलिमीटर जाडीचं काळं नायट्राइल रबर गुंडाळून टेप लावली.

आता गास्केट. नवं असताना साधारण एक इंच जाड असतं आणि दाबून अर्धा इंच व्हायला हवं. आमचं मागच्या बाजूला पाव इंचाच्या खाली चपटं झालेलं, पुढे त्याहून जाड. रस्त्याच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात हे खरं, पण जुनं फोम एकदा कडक झालं की बोल्ट कितीही आवळा, ते परत फुगत नाही. बाजारातला सोफ्याचा फोम चालणार नाही, तो पाणी पितो. बंद पेशींचं, म्हणजे पाणी न पिणारं, या कामासाठीचंच गास्केट घ्या. आणि त्यावर सिलिकॉन लावू नका. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. सिलिकॉनने फोम टपाला चिकटतं, एकसारखं दबत नाही, पुढे उतरवताना टपाचा थर सोबत घेऊन येतं. सीलंटची जागा व्हेंटिलेटरच्या आणि वायरच्या कडेला.

एसीचं वजन ४० किलोच्या आसपास, तिघे हवेत. आतून वायर सोडवायच्या, चार लांब बोल्ट काढायचे आणि सरळ वर उचलायचा. टपावरून सरकवला तर टप कापलं जातं. जुना चिकट थर स्पिरिटने पुसून भोकाच्या लाकडाला टोच्या टोचून बघायचा. टोच्या सहज रुतला तर लाकूड कुजलंय आणि आधी सुतारकाम करावं लागेल. आमचं लाकूड टणक निघालं. बोल्ट समोरासमोरचे, आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. बऱ्याच पुस्तिकांत ४० ते ५० इंच-पाउंड, म्हणजे साधारण साडेचार ते साडेपाच न्यूटन-मीटर दिलेलं असतं. आपल्या मॉडेलची पुस्तिका बघावी. लांब दांड्याचा पाना लावून ताकद दाखवली तर खालचा पत्रा वाकतो आणि एक कोपरा उघडा पडतो.

हवेचा डबा परत बसवताना गार हवेची आणि परतीच्या हवेची बाजू ॲल्युमिनियम टेपने वेगळी केली. मधे फट राहिली तर गार हवाच परत कॉइलवर जाते, बर्फ धरतो, आणि एसी बंद केल्यावर तो वितळून एकदम सांडतो. फिल्टर तुंबला तरी हेच होतं. धुळीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी धुवा. बर्फाचा सेन्सर कॉइलच्या पात्यांत नीट खोचलेला आहे ना तेही बघा, हादऱ्याने तो निसटतो. बर्फ दिसला तर कॉम्प्रेसर बंद ठेवून तासभर नुसता पंखा चालवायचा, टोकदार वस्तूने खरवडायचा नाही.

तोरणमाळ किंवा पाटणादेवीसारख्या ठिकाणी सपाट जागा शोधावी लागते. लेव्हल दोन्ही दिशांनी लावा. ट्रे उथळ असतो. ड्रेनच्या उलट बाजूला कल गेला तर साफ ट्रेसुद्धा काठावरून सांडतो.

बाकी आहे ते टपाचं. एक मीटरची पट्टी आडवी ठेवली तर एसीच्या मागे साधारण सहा मिलिमीटरचा खोलगट भाग दिसतो, तिथे पाणी साचतं आणि गास्केटला टेकून राहतं. आतून ॲल्युमिनियमची आडवी पट्टी देऊन छत उचलायचं आहे. धुळे-सुरत रस्त्यावर फेरी झाली की चारही बोल्ट किती आवळलेले आहेत ते पुन्हा मोजून घ्यायचं, आणि आषाढात जाळी उतरवून आतल्या कडांना कोरडा कागद लावून बघायचा.