वहीतली अर्धी भाकरी

काका-काकू सकाळी साडेनऊला ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या डाएट क्लिनिकात आले, तेव्हा काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता. तलावपाळीला फेऱ्या मारून थेट आले होते, म्हणून घाम असेल असं मला आधी वाटलं. "काट्यावर उभे राहता का?" म्हटलं, तर खुर्ची धरून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी गेली का?" काकू हसल्या. मी काकांचा हात हातात घेतला. गार, ओला आणि थरथरणारा.

ग्लुकोमीटरवर आकडा आला 52. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की थांबायचं नसतं. तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून त्यांना पाजली. ते शुद्धीवर होते, नीट गिळत होते, म्हणून तोंडाने देता आली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. 15 मिनिटांनी पुन्हा बघितलं, 84. काका म्हणाले, "मी कधी बसलो इथं?"

मग काकूंनी पिशवीतून वही काढली. मी त्यांना 1500 कॅलरीचा आहार लिहून दिला होता, नेहमीच्या खाण्यापेक्षा साधारण 500 ने कमी. रात्री दीड भाकरी, वाटीभर आमटी, भाजी, काकडी. महिन्यात दोन किलो उतरले होते, आणि तेवढं मला पुरेसं वाटत होतं. काकांना नव्हतं. मुलाचं लग्न जवळ आलेलं, कोट बसायला हवा होता. गेल्या आठ दिवसांच्या पानांवर रात्रीची दीड भाकरी अर्धी झाली होती, मग नुसतं 'ताक'. नाश्त्याची जागा कोरी. आणि रोज सकाळी मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र न चुकता.

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्यात उपाशीपोटी चालणं. आहाराच्या कागदावर खाली 'डॉक्टरांना दाखवा' असं मी लिहिलं होतं. लिहून मोकळी झाले, फोन केला नाही. कॅलरी कमी करतानाच गोळीचा डोस बघायला हवा होता, आणि ते बोलणं डॉक्टरांशी मीच करायला हवं होतं. काका चुकले असं मला अजूनही म्हणवत नाही.

त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. "लगेच घेऊन या," ते म्हणाले. या गोळीचा असर दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. काकांना एक पोळी खायला लावली, रिक्षा बोलावली आणि मीही सोबत गेले. पुढचे पेशंट तासभर बसून राहिले. डॉक्टरांनी त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि गोळी बंद केली.

हल्ली नव्या पेशंटकडे आधी गोळ्यांची पाकिटं मागते, आणि अशी गोळी दिसली की आहार लिहिण्याआधी डॉक्टरांना फोन करते.

रात्री नऊला काकूंचा फोन आला. "118 आहे. दीड भाकरी खाल्ली, मी समोर बसून होते."