पातेरा (गळलेला सुका पाला) कुजवून खत, ढीग दुसरा: फेब्रुवारी ते जून

फेब्रुवारी. मोहर गळतोय, अंगण चिकट. हा चिकटा तुडतुड्यांचा. चिऱ्यावर (जांभा दगडावर) राहिला तर काळी बुरशी धरते. दव सुकल्यावरच खराटा मारायचा, ओला मोहर नुसता फासला जातो.

मार्च. आंब्या-फणसाच्या पानांचा खरा हंगाम. पहिला ढीग फसला तो अख्ख्या पानांमुळे. मेणचट पाने कौलांसारखी एकावर एक बसतात, वरून ओतलेले पाणी कडेने निघून जाते आणि आत दोन महिन्यांनीही कोरडा पातेरा. म्हणून या खेपेला दोन उन्हे देऊन पाला आधी चुरला: अर्धे पिंप भरायचे आणि आत ब्रश कटर (दोरीने गवत कापायचे यंत्र) फिरवायचा (चष्मा लावून, दोरीला खडे लागतात). तीन गोण्यांची जेमतेम एक होते. चुरा रात्रभर भिजत ठेवला.

खड्डा नकोच, पावसात त्याची विहीर होते. जमिनीवरच चिऱ्यांचा चौकोन, लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी १ मीटर, चिऱ्यांत बोटभर फटी. थर असे: २० सेंमी चुरा, वर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडाचा ओला पाला, वर शेणकाला (१० किलो शेण, ४० लिटर पाणी). मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंबच पडावेत.

एप्रिल. पाचव्या दिवशी आत खुपसलेली सळई हातात धरवेना, म्हणजे ढीग आतून तापला. तापला नाही तर बहुधा कोरडा किंवा लहान असतो. नाकात झोंबणारा वास आला तर शेण जास्त. सुका चुरा मिसळायचा. दर पंधरा दिवसांनी खालवर.

मे. ही खालवर चुकवायची नाही. कुजणाऱ्या शेणखतात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग माडाचा कोंब खातो. पांढऱ्या, जाड, तपकिरी डोक्याच्या, वळून पडलेल्या अळ्या वेचून कोंबड्यांना. ढिगात या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशीही मिसळता येते.

चुडते (माडाच्या झावळ्या) ढिगात नकोत. हीर (पातीतली काडी) काढून खराटा, देठ न्हाणीच्या चुलीला. पोफळीची विरी (पानाचा रुंद, खोडाला वेढणारा देठ) मात्र तुकडे करून चालते.

जून. मृगाआधी पन्हळी मोकळ्या केल्या. ढिगावर उतरते झाप (विणलेल्या झावळ्या). प्लॅस्टिकने गच्च झाकले तर आत हवा राहत नाही. न चुरलेला पातेरा माडांच्या आळ्यात १० सेंमी, बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी थेट खोडावर चढते. तळचे खत अजून तपकिरी, पानांच्या शिरा दिसतात. चाळायचे दिवाळीनंतर.