गुलाबी रेघेचा मध्य

परवा दुपारी भाची तिच्या वडिलांच्या हळदीच्या व्यापारासाठी संकेतस्थळ तयार करत बसली होती आणि मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून ते पाहत होतो. एका पिवळ्या चौकटीच्या बरोबर मध्यावर ‘हळद’ हा शब्द बसवायचा, एवढेच काम होते. शब्द माउसने सरकवत नेला की एका जागी एक उभी आणि एक आडवी अशा दोन गुलाबी रेघा उमटत. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते मध्य सापडला. मला मात्र तो शब्द किंचित वर चढल्यासारखा दिसत होता. “मामा, रेघ आली की आता. आणखी काय पाहिजे?” असे ती म्हणाली.

रेघ आली होती हे खरेच. पण ती रेघ शब्दाचा मध्य शोधत नाही, शब्दाभोवतीच्या अदृश्य पेटीचा मध्य शोधते. त्या पेटीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफारासाठी, तर खाली उकारासाठी जागा राखलेली असते, आणि ‘हळद’ या शब्दाला यांपैकी काहीही नसले तरी ती जागा सुटत नाही. व्हिडिओ सुरू करायच्या गोल बटणातला त्रिकोणही असाच फसवा असतो. पेटीच्या हिशेबाने तो वर्तुळाच्या मध्यात ठेवला, तर पायाकडच्या वजनामुळे डावीकडे सरकल्यासारखा दिसतो, म्हणून जाणकार त्याला हाताने थोडा उजवीकडे ढकलतात.

लहानपणी सांगलीच्या गणपती पेठेत एका अडत दुकानाची पाटी रंगवताना मी पाहिली होती. पेंटरकाकांनी निळीत बुडवलेली दोरी पाटीवर ताणून धरली, मध्यभागी चिमटीत उचलून सोडली आणि एका फटक्यात शिरोरेषा उमटली. मग अक्षरे मोजून मधले अक्षर आधी खडूने काढले, आणि डावी-उजवीकडची अक्षरे त्या रेघेला एकेक करून टांगली. इतके झाल्यावर शिडीवरून उतरून ते रस्ता ओलांडून समोरच्या फळीवर जाऊन बसले आणि पाटीकडे, मला वाटले, उगाचच बघत राहिले. परत येऊन त्यांनी दोन अक्षरे पुसली व थोडी उजवीकडे घेतली. दुकानाच्या मालकांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, “मापात हाय, पण डोळ्याला बसंना.” हळदीच्या पोत्यांच्या वासात ऐकलेले ते वाक्य मला संगणकापुढे नेहमी आठवते.

पडद्यावर गोष्टी जागच्या जागी बसवण्याची खटपट तशी फार जुनी नाही. संकेतस्थळांच्या आरंभीच्या काळात लोक सारे पान तक्त्याच्या घरांमध्ये कोंबत आणि अंतर राखण्यासाठी एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र ताणून मध्ये घालत. पानाची मांडणी आणि रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली शिफारस डिसेंबर 1996 मध्ये प्रसिद्ध झाली, तरी एखादी गोष्ट वर-खाली मध्यावर आणणे ही पुढे कित्येक वर्षे कसरतच होती. फ्लेक्सबॉक्स ही सीएसएसमधली मांडणीची पद्धत रुळल्यावर आणि 2017 मध्ये प्रमुख ब्राउझरांत ग्रिड ही तशीच दुसरी पद्धत आल्यावर ती थांबली. ही सगळी सोय झाली आणि लोकांना प्रत्येक गोष्ट मध्यावर हवीशी वाटू लागली, हा माझा जुना राग आहे. लग्नपत्रिकेत कुलदेवतेपासून आहेराच्या सूचनेपर्यंत सारे मध्यावर शोभते, कारण तिथे ओळी तोकड्या असतात. पण सेलम आणि राजापुरी हळदीतला फरक सांगणारा सात ओळींचा परिच्छेद मध्यावर घेतला, तर प्रत्येक ओळीचा आरंभ डोळ्याला नव्याने हुडकावा लागतो. यावर आमचा बराच वाद झाला. परिच्छेद अखेर डावीकडे आला आणि ‘हळद’ दोन पिक्सेल खाली उतरली.

संध्याकाळी दाजी पेढीवरून आले. त्यांनी ते पान मोबाईलवर उघडले, अंगठ्याने भराभर वर सरकवले आणि फोन नंबर एवढा बारीक का, असे विचारले. भाचीने तो तिप्पट मोठा करून सगळ्यांच्या वर नेला. त्यांना पान फार आवडले.