तुम्ही विचारलंत म्हणून: कोडिंग येत नसेल तर फेडोरा लिनक्सचं पॅकेज (म्हणजे बसवायला तयार बांधलेला प्रोग्राम) तपासता येतं का?

'फेडोरा वापरतो, पण प्रोग्रामिंगचा गंध नाही. मग चाचणीला आमचा काय उपयोग?' असं बरेच जण विचारतात. उपयोग आहे, आणि मराठीपुरता तर एखाद्या प्रोग्रामरपेक्षाही जास्त. हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड, घ्या. ती लिहिणारा प्रकल्प बाहेरचा. फेडोराचे लोक फक्त तिचं पॅकेज बांधतात. नवी आवृत्ती आधी अपडेट्स-टेस्टिंग या चाचणीच्या रेपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) येते आणि बोधी या व्यवस्थेत तिच्यावर मतं मागवली जातात. समजा तिच्यामुळे 'दऱ्या'चं 'दर्या' झालं. मराठी न वाचणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसणार नाही. तो +1, म्हणजे पसंतीचं मत, देऊन मोकळा होईल.

आधी फेडोराचं खातं काढा. बोधीत प्रत्येक अपडेटच्या पानावर ते बसवायची कमांड तयार मिळते, तीच उचला. नुसती टेस्टिंग रेपॉझिटरी चालू करून अपग्रेड मारलंत तर चाचणीतलं झाडून सगळं येईल आणि काय कशामुळे बिघडलं ते कळायचं नाही. कधी अपडेट बोधीत दिसतं पण उतरत नाही. मिरर, म्हणजे पॅकेजांची नक्कल ठेवणारा सर्व्हर, मागे राहिलेला असतो. काही तासांनी पुन्हा बघा.

बसवण्याआधी एक काम कराच: चाचणीचा मजकूर जुन्या आवृत्तीत उघडून स्क्रीनशॉट घ्या. तो नसेल तर बिघाड आजचा की जुनाच, हे सांगता येत नाही.

बसवल्यावर आरपीएमला (पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला) आवृत्ती विचारा आणि लॉगआउट करून परत या. सगळ्यात जास्त चाचण्या इथेच फुकट जातात. आधीपासून उघडा असलेला प्रोग्राम जुनी लायब्ररी मेमरीत धरून बसतो. तुम्ही तपासता जुनी आणि मत देता नवीला.

आता लिबरऑफिस रायटर उघडा. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत 'र' जे कळीवर आणि 'ऱ' शिफ्ट-जेवर आहे. दर्या, दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, ॲप, काळा असे शब्द टाइप करा. ऱ्य दोन प्रकारे साठवला जातो: 'ऱ' आणि हलन्त, किंवा 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही वापरात आहेत, म्हणून दोन्ही तपासा. बाण-कळीनं जोडाक्षरावरून पुढे-मागे जा, बॅकस्पेसनं काय पुसलं जातं ते बघा. ल आणि श मराठी वळणाचे हवेत, पण त्यासाठी फाँटमध्ये ती सोय असावी लागते आणि मजकुराची भाषा मराठी निवडलेली असावी लागते. भाषा हिंदी असेल तर हिंदी वळणाचा ल येणारच. तो बग नव्हे.

काही चुकलं तर फाँट बदलून बघा. दुसऱ्या फाँटमध्ये नीट दिसलं तर संशय फाँटवर. सगळीकडे तेच असेल तर हार्फबझवर. ब्राउझरमध्ये ठीक दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका, ब्राउझर अनेकदा स्वतःचं हार्फबझ सोबत घेऊन येतात.

मत देताना नुसतं 'चालतंय' लिहू नका. 'रायटरमध्ये मराठी मजकूर, ऱ्य दोन्ही प्रकारांनी, अमुक फाँट, फरक नाही' एवढं पुरे, अर्थात इंग्रजीत. आधी चालत होतं आणि आता मोडलं, तरच -1. पीडीएफमधून देवनागरी कॉपी केली की अक्षरांचा चुराडा होतो, हे रडगाणं जुनं आहे. त्याचा राग या अपडेटवर काढायचा नाही. पॅकेज सांभाळणाऱ्यानं वेगळं ठरवलं नसेल तर मतांची बेरीज +3 झाल्यावर अपडेट आपोआप स्थिर रेपॉझिटरीकडे जातं. एका -1 नं ही आपोआपची वाट बंद होते. म्हणून -1 सोबत बगझिला या बग-नोंदणीतला बग क्रमांक द्या.

मागे फिरायला डीएनएफ या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामचं डाउनग्रेड आहे. कर्नल (सिस्टीमचा गाभा) तपासत असाल तर जुना कर्नल बूट मेनूत असतोच. पण पॅकेज मागे जातं, डेटा मागे जातोच असं नाही: नव्या फायरफॉक्सनं वापरलेलं प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडायला नकार देतो. ब्राउझर तपासायचा तर वेगळं प्रोफाइल करा, नाहीतर सरळ व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक) घ्या. वायफाय आणि ग्राफिक्सला मात्र ते चालत नाही, तिथे खरं यंत्रच लागतं.