स्विंग थांबल्यावरचा वेगवान गोलंदाज

वेगवान गोलंदाजाची खरी पारख चेंडू हवेत वळायचा थांबल्यावर होते, असे माझे ठाम मत आहे. चेंडूची शिवण, म्हणजे मधली टाक्यांची उंच रेघ, तिरकी धरली की तिच्या बाजूची हवा चेंडूला अधिक काळ चिकटून राहते आणि चेंडू शिवणीच्या दिशेने वळतो. चकाकी उतरली की हा आधार सुटतो. 2019 च्या पुण्याजवळच्या गहुंजे येथील कसोटीत उमेश यादवने दक्षिण आफ्रिकेचे दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले, तेव्हा पुणेकरांनी भारतातला वेगवान मारा मनापासून डोक्यावर घेतला.

पुण्यातील क्लब सामन्यांत मात्र वेगळेच दिसते. चेंडू पँटवर घासूनही वळेना की तरुण गोलंदाज इरेला पेटून जोर लावतो, टप्पा आखूड पडतो आणि पुल फटक्याचे चौकार जातात. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज ग्लेन मॅकग्राने 563 कसोटी बळी मुख्यतः उंची, शिवण आणि अचूक टप्प्याच्या बळावर मिळवले, हे या मुलांना कोणीतरी समजावून सांगायला हवे. जुन्या चेंडूचेही शास्त्र आहेच: 2021 मध्ये चेन्नईत इंग्लंडच्या जेम्स अँडरसनने रिव्हर्स स्विंगवर, म्हणजे जुना चेंडू नेहमीच्या उलट दिशेने वळवून, भारताच्या गिल आणि रहाणे या दोघांचा एकाच षटकात त्रिफळा उडवला. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननेही ती कला कमावली होती.