सोलापूर: माग आणि पाणी

सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईहून रात्री निघालो आणि सकाळी सातच्या सुमारास सोलापुरात उतरलो. मे महिना होता. नऊ वाजेपर्यंत रस्ते पांढरे दिसायला लागले आणि दुपारी पारा 43 च्या पुढे गेला. मावशीने दारातच ताकाचा तांब्या हातात दिला आणि म्हणाली, "आता पाचपर्यंत बाहेर पडायचं नाही."

शहर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंचीवर, काळ्या मातीच्या सपाट माळावर वसलंय. पश्चिमेला सीना, दक्षिणेला भीमा, पण दोन्ही नद्या गावाबाहेरून जातात. सह्याद्रीवर बरसून आलेल्या ढगांत इथवर फारसं पाणी उरत नाही. खरा भरवसा सप्टेंबरातल्या परतीच्या पावसाचा.

अशा कोरड्या गावात कापडाचा धंदा उभा राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण सुताला ओल लागते. पूर्व भागातल्या एका कारखान्यात हे डोळ्यांनी पाहिलं. बारा माग एकदम चालू होते, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. कारखानदार काका घरी तेलुगू बोलणारे, पद्मशाली या विणकर समाजाचे. त्यांचे आजोबा तेलंगणातून विणायला इथे आले. जमिनीवर पाणी शिंपडलेलं होतं, खिडकीला ओलं गोणपाट. "हवा वाळली की तार तुटतीय बघा," काका म्हणाले. "तार तुटली की माग बंद, अन् माग बंद म्हणजे मजुरी बंद." पूर्वी इथे चादरी व्हायच्या, आता टेरी टॉवेल जास्त. मग त्यांनी कपाटातून एक जुनी जेकार्ड, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, चादर काढली आणि दोन्ही बाजू उलटसुलट करून दाखवली. एका बाजूला लाल मोर, पलटली की तोच मोर पांढरा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते अगदी योग्य आहे.

1877 साली इथे पहिली कापड गिरणी निघाली. लोक तिला जुनी मिल म्हणतात. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला होता. आजूबाजूला कापूस, दाराशी रेल्वे आणि कामाला आसुसलेले हात, एवढ्या बळावर या माळावर भोंगे वाजू लागले. त्या गिरण्या आता बंद आहेत. पूर्व भागातले माग अजून चालतात.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर गेलो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना हाताशी धरून तो खोदला, असं इथे लहान मुलंही सांगतात. मधे मंदिर, काठाला भुईकोट किल्ला आणि दिवसभरात पहिल्यांदा अंगाला लागलेला गार वारा. दुसऱ्या दिवशी तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव पाहिला, 1871 चा. आताचं पिण्याचं पाणी मुख्यतः उजनी धरणातून येतं, शंभर किलोमीटरहून लांबून.

सोयींत गाव मागे नाही. मोठं सरकारी रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, 2004 पासून स्वतःचं विद्यापीठ आहे. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. त्यांच्या स्मारकात मी तासभर थांबलो. पण नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या गावाने देशाला टॉवेल पुरवले, त्या गावातल्या बायकांनी हंडे मोजत जगावं, हे मला पटत नाही. उजनी भरलेलं असतानाही हे होतं, याचा राग येतो.

शेवटच्या रात्री अडीच वाजता मावशीने हलवून उठवलं. "ऊठ रे, पाणी आलंय." सगळी गल्ली जागी होती. कुणी टाकीला पाइप लावत होतं, कुणी कळशा रांगेने मांडत होतं. शेजारच्या आजींना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांचं पिंप मी भरलं. पलीकडे रातपाळीचे माग खटाखट चालूच होते. आजींनी जाताना माझ्या हातावर शेंगाचटणीची पुडी ठेवली आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मावशीने अर्थ सांगितला: पुढच्या वेळी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला ये, तेव्हा थंडी असते.