चौथ्या रांगेतला कागद

२०२४ च्या विधानसभेला माझी ड्युटी व्हिडिओ पाहणी पथकात होती, एक अधिकारी आणि आम्ही दोन क्लार्क. दिवसभरात झालेल्या सभांचं शूटिंग त्याच दिवशी बघून संपवायचं. शूटिंगवाली पोरं सुरुवातीलाच कोणाची सभा, कुठे, कधी ते कॅमेऱ्यात बोलून ठेवतात, मग गाड्यांचे नंबर, स्टेज, बॅनर, कटआउट, खुर्च्या. आम्ही मोजून द्यायचं, अकाउंटवाले ठरलेल्या दराने ते उमेदवाराच्या खर्चात धरतात, मर्यादा ४० लाख. खुर्च्यांच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. एक रांग मोजून गुणाकार करतात तो चुकीचा, मागच्या रांगा कधीच सारख्या नसतात, मी पॉज करून प्रत्येक रांग मोजतो.

भाषण मात्र कोणी ऐकत नाही. आमचे सिनियर सरळ पुढे ढकलतात, खर्च दिसला की झालं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही, आचारसंहितेचा भंगही आम्हीच टिपायचा असतो.

त्या दिवशी एकाच मतदारसंघातल्या दोन सभा आल्या, समोरासमोरच्या उमेदवारांच्या. पहिल्यात उमेदवार ५२ मिनिटं बोलला. विरोधात एक बाई उमेदवार होत्या, तर त्यांचा नवरा वेगळा का राहतो, त्या रात्री कोणाच्या गाडीतून उतरल्या, हेच चाललेलं आणि पब्लिक हसतंय, शिट्ट्या मारतंय. संध्याकाळी बाईंच्या सभेत त्यांच्या वक्त्याने पहिल्या उमेदवाराच्या वडिलांची दारू काढली आणि त्याच्या दहावी नापास झालेल्या पोराला पण सोडलं नाही, त्या पोराचा काय संबंध हो? मी चिडून वेळ लिहायला लागलो. त्या भागात सगळे कॅनॉलच्या आवर्तनाची, म्हणजे पाणी सुटायची, वाट बघत होते, पिकं वाळत होती. पाण्यावर पहिल्या सभेत ४० सेकंद. दुसऱ्यात एक शब्द नाही.

आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय, टीका करा पण धोरणं, कार्यक्रम, आधीचं काम यावर करा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खाजगी आयुष्यावर नको. मी दोन्ही भाषणं वेळेसकट उतरवून रिपोर्ट दिला. नोटिसा गेल्या, खुलासे आले, आणि तिसऱ्या दिवशी दोन्हीकडे तीच भाषणं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३(४) मध्ये उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं-पसरवणं हे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण धरलंय, पण त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात याचिका टाकायची आणि सिद्ध करत बसायचं. तोवर त्या बाईंनी गावात कसं फिरायचं?

पण माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच. पहिल्या सभेत कॅमेरा खुर्च्यांवरून फिरताना चौथ्या रांगेत एक म्हातारे शेतकरी दिसतात, हातात घडी केलेला कागद. नवऱ्याचा विषय निघतो तेव्हा ते उठतात, कागद वर धरतात. गळ्यात पक्षाचा गमछा घातलेला पोरगा येतो, खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवतो. दहा मिनिटांनी ते परत उठतात. परत बसवतात. शेवटी कॅमेरा येतो तेव्हा ती खुर्ची रिकामी.

मी शेरा म्हणून हे लिहिलं होतं. सिनियरनी खोडलं, म्हणाले खर्चाशी संबंध नाही, भंगही नाही, कुठल्या कॉलमात टाकू? मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री सगळे गेल्यावर मी तेवढाच तुकडा चार-पाचदा लावला, झूम करून बघितलं. अक्षरं फुटत होती. वरची ओळ जरा मोठी होती, खाली बऱ्याच सह्या आणि दोन-तीन अंगठे होते, एवढंच कळलं.